कागदावरची सांगू की खरी?

ती घटना आठवली की आजही मला आधी माणसे आठवत नाहीत, चार याद्या आठवतात. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेल्या, लाल-निळ्या खुणांनी भरलेल्या आणि चारही निरुपयोगी. याद्यांची मला जुनी सवय. नोकरीत असताना खिशात कायम एक छोटी वही असे. डाव्या पानावर करायची कामे, उजव्या पानावर झालेली. बायको म्हणते, लग्नाच्या दिवशीही ती खिशात होती. होती. पण त्या आठवड्यात त्याच सवयीने मला चांगलेच भरकटवले.

मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. दारूच्या केसेस, बांधावरून मारामाऱ्या, ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरचे अपघात, अशी कामे. संगणकाशी संबंध इतकाच की एक होता आणि तो महिला शिपाई चालवत असे.

सोमवारी सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो. जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या कार्यालयाचे पत्र आले होते. मजकूर थोडक्यात असा : परिचारिका म्हणून निवड झालेल्या आमच्या हद्दीतील एका मुलीने शाळा सोडल्याचा दाखला सादर केला. तो पडताळणीसाठी संबंधित शिक्षण संस्थेकडे पाठवला असता, ‘सदर विद्यार्थिनीची नोंद आढळत नाही’ असे संस्थेने लेखी कळवले. दाखला बनावट असल्याचा संशय असल्याने योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली आणखी एक ओळ होती. शुक्रवारी कार्यालय बंद होईपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास निवड रद्द करून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले जाईल.

पत्राला आवक क्रमांक पडला, स्टेशन डायरीत नोंद झाली. तासाभरात ठाण्यात फोन वाजला.

“साहेब, त्या आश्रमशाळेचा जुना कारकून घरी बसून लोकांना कागद लिहून देतो. ओट्यावर टेबलच मांडलंय त्यानं. जाऊन बघा एकदा.”

“आपण कोण बोलताय?”

फोन बंद.

मी वहीत दोन ओळी लिहिल्या. वर पत्र, खाली फोन. एकाखाली एक आलेल्या दोन ओळी एकाच गोष्टीच्या वाटू लागतात. ही याद्या करणाऱ्यांची खोड आहे. मी मनात गुन्हा जुळवूनही टाकला : निवृत्त लिपिक, जुने शिक्के, बनावट दाखला. तरी थेट गुन्हा दाखल केला नाही. आधी प्राथमिक चौकशी करायची, असे ठरवले. त्या मुलीच्या नावावर गुन्हा एकदा दाखल झाला असता तर पुढे ती निर्दोष सुटली काय, न सुटली काय, सरकारी नोकरीचे दार बंदच झाले असते.

मंगळवारी हवालदाराला घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेलो. हवालदार त्याच पट्ट्यातला, घरी आदिवासींची कोकणी बोलणारा, पंचवीस वर्षे नोकरी झालेला. संस्थेच्या तीन आश्रमशाळा होत्या आणि तिन्हींचा कारभार या एका कार्यालयातून चाले. सचिव वयस्कर, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी अभिमानाने सांगितले, “आमच्याकडे आता सगळं सिस्टीमवर आहे, साहेब. सिस्टीमवर असेल तेच खरं. नसेल त्यावर मी सही करत नाही.”

संगणकावर बसणाऱ्या ताईंनी मुलीचे नाव टाकले. एक नोंद आली, पण ती दुसऱ्याच गावच्या मुलीची. आठवीतून शाळा सोडलेली. आमची मुलगी तर बारावी होऊन पुढे नर्सिंग शिकलेली. मग दाखल्याचा क्रमांक टाकला. तिथे एक मुलगा निघाला.

“मुलगा?”

“हो साहेब. तिसऱ्या शाळेतला.”

दाखल्याचा कागद मात्र संस्थेचाच होता. शिक्का खरा. सही निवृत्त लिपिकाची, हे सचिवांनीच ओळखले. म्हणजे कागद खरा, शिक्का खरा, सही खरी आणि मुलगी खोटी. मी वहीत प्रश्नचिन्ह काढले. मी सहसा प्रश्नचिन्ह काढत नाही.

निघताना हवालदार म्हणाला, “साहेब, त्या नोंदीत आईचं नाव बघितलं का? या पोरीच्या आईचंच नाव आहे ते. मी ओळखतो तिच्या आईला.”

परत आत गेलो. खरेच. गाव दुसरे, बाप दुसरा, इयत्ता दुसरी, पण आईचे नाव हिच्याच आईचे. ताईंना विचारले, असे कसे? त्या म्हणाल्या, “जे आहे ते आहे, साहेब. मी फक्त बघते.” त्यांच्या आवाजात भीती होती. भ्यालेली माणसे खोटेच बोलतात असे नाही. बहुतेकदा ती फक्त भ्यालेली असतात. हे मला माहीत होते, तरी मी वहीत त्यांचेही नाव लिहिले.

बुधवारी मुलीला समजपत्र देऊन बोलावले. सोबत आई आली. महिला शिपाई समोर बसली आणि मी जबाब घ्यायला सुरुवात केली. मुलगी शांत होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. नाव, गाव, शिक्षण सांगितले. मग मी विचारले, “जन्मतारीख?”

ती म्हणाली, “कागदावरची सांगू की खरी?”

मी पेन थांबवले. चौकशीत अशी जागा आली की जुन्या अधिकाऱ्याचे कान टवकारतात. “दोन आहेत?”

“हो साहेब. कागदावर एक जून. पण आई म्हणते नाताळच्या दोन दिवस आधी झाले. भाताचं खळं चालू होतं तेव्हा.”

मी वहीत लिहिले : ‘दोन जन्मतारखा सांगते. विसंगत.’ त्याखाली लाल शाईने रेघ मारली. खोटा कागद वापरणाऱ्याला आपलीच माहिती दोनदा पाठ करावी लागते आणि मग तो गोंधळतो, असे मी कित्येक शिकाऊ पोरांना शिकवले होते.

संगणकातली नोंद तिला दाखवली. तिने नीट वाचली आणि म्हणाली, “आई माझी आहे, साहेब. बाप दुसऱ्या कुणाचा आहे.”

आईला मराठी कळत होते, पण उत्तर तिने तिच्या भाषेत दिले, तेही एकदम तडकून. हवालदार हसू दाबत खाली बघू लागला.

“काय म्हणतात त्या?”

“साहेब, ती म्हणते, मला न विचारता मशीनने माझं दुसरं लग्न कधी लावलं? आणि लावलंच तर जेवण कुठे घातलं?”

महिला शिपाई हसली. मीही हसलो असतो, पण शुक्रवार डोक्यात होता. जबाब संपल्यावर मुलीने एकच गोष्ट विचारली. “साहेब, मी आधीच्या कागदांवर सगळीकडे एक जूनच लिहिलं. मला वाटलं, तुम्ही पोलीस आहात, तुम्हाला खरं सांगावं. ते चुकलं का?”

मी म्हणालो, “चौकशी चालू आहे.” हे आमचे ठरलेले उत्तर. त्या दिवशी ते फार हलके वाटले.

दुपारी निवृत्त लिपिकाला बोलावले. गावात सगळे त्यांना नाना म्हणत. नाना तापीकाठचे, शहाद्याकडचे. चाळीस वर्षे डोंगरात नोकरी करूनही अहिराणी बोली बदललेली नव्हती. मी सुरुवातच कडक केली. दाखला समोर ठेवला, फोनचा उल्लेख केला आणि विचारले, “घरी बसून काय लिहिता?”

“अर्ज लिखस,” नाना म्हणाले. “लाइटबिलना, रस्ताना, पानीना. मन्हं अक्षर बरं शे म्हनीसन लोक येतस. आनि ही सही मन्ही शे. हाऊ दाखला मी दिन्हा. ही पोर मन्हा देखता शाळामा शिकनी. हॉस्टेलमा बाकीना पोर्‍या तापमा पडन्यात तं हीच पाय चेपे.”

“मग संगणकात का नाही ती?”

“ते मशीनले इचारा. माले काय इचारतस?”

मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता. “नाना, तुमच्या वयाकडे बघून नीट विचारतोय. नाहीतर—”

“नाहीतं काय? बेड्या घालशात? घाला. मन्हा हातनी सही खोटी शे, हाई तेवढं लिखू नका.”

ते उठले, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मी चहा पाठवला, तो त्यांनी घेतला नाही.

त्या संध्याकाळी फिर्यादीचा मसुदा टाइप होऊन टेबलावर आला. सही तेवढी बाकी होती. माझ्या हिशोबाने तीन ओळी तिच्याविरुद्ध होत्या : संस्थेचे पत्र, संगणक आणि तिने स्वतः सांगितलेल्या दोन तारखा. तिच्या बाजूने सही, शिक्का आणि एका मशीनने लावलेले तिच्या आईचे लग्न. मी सही केली नाही. शहाणपण म्हणून नव्हे. मला काहीच समजत नव्हते आणि न समजलेल्या कागदावर मी सही करत नाही, एवढेच.

गुरुवारी सकाळी नाना पुन्हा बाकावर. मी बाहेर जाऊन विचारले, “नाना, जुनी जनरल रजिस्टरं कुठे आहेत?” हा प्रश्न मंगळवारीच विचारायला हवा होता. नाना म्हणाले, सगळे संगणकात भरल्यावर सचिवांनी ती अडगळीत टाकली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे, तांदळाच्या पोत्यांवर.

हवालदार ती घेऊन आला. लाल कापडात बांधलेली जाडजूड रजिस्टरे, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. नानांनी पान उघडले आणि बोट ठेवले. मुलगी होती. नाव, बाप, आई, गाव, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख. वरची नोंद, खालची नोंद, शाई, क्रमांक, सगळे ओळीने. मधे घुसवलेले काहीच नव्हते.

म्हणजे ती खरी होती. मग संगणकातून तिला काढले कुणी? आता संशय ताईंवर गेला. त्यांना ठाण्यात बोलावले तर त्या रडायलाच लागल्या. “साहेब, मी काही काढलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर अपडेट आला. स्क्रीनवर विचारलं, करू का? मी ‘होय’ दाबलं. ‘नाही’ दाबलं की दर दहा मिनिटांनी परत विचारतं.”

हवालदार गंभीरपणे म्हणाला, “ज्यानं हा अपडेट पाठवला, त्याचा पत्ता घ्या, साहेब. त्यालाच समजपत्र काढू.”

मी ताईंना ठाण्याच्या संगणकावरून संस्थेची सिस्टीम उघडायला लावली. नाना रजिस्टरमधून एकेक नाव वाचत, ताई शोधत, मी खूण करत असे. दुपारपर्यंत पाच वर्षांची रजिस्टरे संपली. एकोणचाळीस मुले-मुली रजिस्टरमध्ये होती आणि संगणकात नव्हती, किंवा होती ती अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. एकोणचाळीस! पुढेमागे यांतले प्रत्येक जण कुठेतरी दाखला देणार आणि प्रत्येकाला ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर जाणार.

मग मी माझे आवडते काम केले. याद्या. पहिली गावानुसार. सगळ्या गावांतली मुले होती. दुसरी वर्षानुसार. सगळ्या वर्षांतली होती. तिसरी, संगणकात कुणी भरले त्यानुसार. तिघांनी भरले होते आणि तिघांचीही गेली होती. चौथी यादी नावांची. तिथे थोडा उजेड दिसला. आमच्या पट्ट्यात आडनावे मोजकी आणि मुलींची नावेही तीचतीच. एका वर्गात एकाच नावाच्या दोघी-तिघी सहज असतात.

“साहेब, एका नावाच्या दोघी असल्या की एक गायब होते,” हवालदार म्हणाला.

मलाही तसेच वाटले. तपासले. गायब झालेल्या प्रत्येकाला नाव-आडनाव सारखा असलेला जोडीदार होता. पण तीन जोड्या अशा निघाल्या की दोघींची नावे सारखी आणि दोघी संगणकात जागच्या जागी. मग त्या का नाही गेल्या? यादी पुन्हा गोंधळली. चारही कागद भिंतीवर लावून मी त्यांच्याकडे बघत बसलो. ऊन खिडकीतून सरकत शेवटच्या यादीवर आले. फिर्यादीचा मसुदा टेबलावर तसाच होता.

काही सुचेना, म्हणून नेहमीचे काम हाती घेतले. रजिस्टर ताब्यात घेतल्याचा पंचनामा. त्यात गायब नोंदींचा पूर्ण मजकूर घ्यायचा होता. हवालदार वाचू लागला आणि महिला शिपाई टाइप करू लागली.

“नाव अमुक. जन्मतारीख एक जून. पुढचं. जन्मतारीख एक जून. पुढचं. एक जून.”

महिला शिपाई जिल्ह्याच्या गावी वाढलेली, वयाने लहान. पाच-सहा नावांनंतर तिने हात थांबवले. “काका, तुम्ही वरचंच परत परत वाचताय का?”

“नाही गं. एक जूनच आहे.”

“सगळ्यांची?”

“मग काय सगळ्यांची पंधरा ऑगस्ट पाहिजे? माझीपण एक जून. नाना, तुमची?”

“मन्ही बी,” दारातून नाना म्हणाले. “जूनमा शाळा खुले. पैलीले सहा वरीस पुरं लागे. बाप पोरले हात धरीसन लई ये. कवय जलमना, इचारं तं म्हने, पूर उना व्हता त्या साले. मंग गुरुजी लिखे, एक जून. मी बी तसंच लिखं. चाळीस वरीस.” म्हणजे कधी जन्मला विचारले, की बाप पूर आला ते साल सांगे; तारीख गुरुजींची.

“साहेब, तुमची?” महिला शिपाईने विचारले.

माझीही एक जूनच. माझ्या सेवापुस्तकात, पॅनकार्डावर, सगळीकडे. आणि माझ्या चार याद्यांत जन्मतारखेचा रकानाच नव्हता. मी तो सोडून दिला होता. आमच्याकडे तो रकाना असतो, पण त्यात काही नसते, हे मला इतके अंगवळणी पडले होते की तो बघण्यासारखा असू शकतो असे वाटलेच नाही.

“त्या तीन जोड्या काढ,” मी म्हणालो.

काढल्या. तिन्ही जोड्यांत एक मुलगी एक जूनची आणि दुसरी दवाखान्यात जन्मलेली, खऱ्या तारखेची. म्हणून त्या वाचल्या होत्या. गायब झालेले एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जण एक जूनचे, आणि त्यांचे जोडीदारही एक जूनचे. नाव तेच, आडनाव तेच, तारीख तीच, सालही तेच. मशीनने दोन माणसांना एक माणूस समजून एकात एक घातले होते.

ताईंकडून सॉफ्टवेअर कंपनीचा नंबर घेतला. तिकडे पुण्याचा एक इंजिनीअर बोलला, सभ्य मुलगा. माझे सगळे ऐकून म्हणाला, “सर, त्या अपडेटमध्ये आम्ही दुबार नोंदी काढायची सोय दिली होती. नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळलं तर ती एकच व्यक्ती. एकत्र करून एकच नोंद राहते आणि दाखल्यांचे क्रमांक नव्यानं लागतात.”

“वडिलांचं नाव?”

“ते बऱ्याचदा चुकीचं टाइप झालेलं असतं, सर. म्हणून धरलं नाही. जन्मतारीख सगळ्यात भरवशाची.”

“तुमची जन्मतारीख काय?”

“एकोणीस सप्टेंबर.”

“खरी?”

तो म्हणाला, “सर, जन्मतारीख खरीच असते ना?”

ठाण्यात पाच माणसे फोनभोवती उभी होती. चौघे एक जूनचे, ताईसुद्धा.

मी त्याला समजावून सांगितले. त्याला ते पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्याने हयगय केली नाही. अपडेटच्या आदल्या दिवशीची प्रत कंपनीकडे जपून ठेवलेली होती. पण ती नुसती परत टाकली असती तर अपडेटनंतर भरलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. कार्यालयात बसून, एकेक मिळवून करावे लागणार होते. रात्रीची गाडी पकडून तो शुक्रवारी सकाळी आमच्या एसटी स्टँडवर उतरला. पाठीवर बॅग, डोळे लाल. हवालदाराने त्याला आधी पोहे खायला घातले.

शुक्रवारची माझी वही अशी होती. नऊ वाजता इंजिनीअर संस्थेत. दहापर्यंत जुनी प्रत वेगळी उघडणे. आधी फक्त मुलीची आणि तिच्या जोडीदारणीची नोंद सुटी करणे. बाराला छापील उतारा, सचिवांची सही. दीडची एसटी. त्यातले नऊचे काम तेवढे वेळेवर झाले. सव्वादहाला वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालला, छपाईयंत्र चालेना. हवालदार शेजारच्या दुकानातून जनित्र घेऊन आला. मुलगी आणि आई दारात बसून होत्या. आई दर पंधरा मिनिटांनी आत डोकावून हवालदाराला एकच प्रश्न विचारत असे. त्याचा मराठी अर्थ : “झाला का माझा काडीमोड?”

नाना रजिस्टर मांडीवर घेऊन वाचत होते, ताई पडद्यावर बघून भरत होत्या. आईचे नाव जुळले, बापाचे जुळले, गाव जुळले, क्रमांक जुळला. नाना म्हणाले, “बेटा, आते एकना बाप दुसराले लावू नको.” ताई तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

एक वाजून वीस मिनिटांनी उतारा छापून आला. सचिवांनी चष्मा लावून तो वाचला, मग रजिस्टर वाचले, मग पुन्हा उतारा. मी त्यांना म्हणालो, “आता सिस्टीमवर आहे.” ते म्हणाले, “सिस्टीमवर तर मंगळवारीही काहीतरी होतंच, साहेब.” आणि त्यांनी आधी रजिस्टरच्या पानाची प्रत काढायला लावली, ती उताऱ्याला जोडली आणि मगच सही केली. माणूस शिकतो.

माझा अहवाल तयार होता : दाखला खरा, नोंद संगणकीय दोषामुळे दिसत नव्हती, गुन्ह्याचा कोणताही भाग नाही. अहवाल घेऊन हवालदार जाणारच होता. मायलेकी त्याच एसटीने गेल्या. नंतर मी ठाण्यात बसून घड्याळ बघत राहिलो. पाचला बारा मिनिटे कमी असताना फोन आला. “साहेब, घेतलं त्यांनी. सोमवारी हजर व्हायला सांगितलंय. पोरगी रडतेय आणि आई मला विचारतेय, आता तिचा नवरा कोणता.”

इंजिनीअर चार दिवस राहिला. बाकीचे अडतीस सुटे केले. नियमही बदलला. आता ते सॉफ्टवेअर स्वतःहून कुणाला कुणात घालत नाही. फक्त शंकेची यादी देते आणि माणसाला विचारते. जाताना त्याने ताईंना एक जूनच्या नोंदींचा स्वतंत्र तक्ता करून दिला. नानांना नमस्कार करून गेला.

सोमवारी मी नानांच्या ओट्यावर गेलो. टेबल खरेच होते. त्यावर नळयोजनेचा अर्ज अर्धा लिहिलेला होता. मी म्हणालो, “नाना, चुकलं माझं.”

“तुम्ही मशीनले पहिले इचारं, माले मंग इचारं. इतलंच,” ते म्हणाले आणि आत चहा टाकायला सांगितला. तो चहा मी घेतला. निनावी फोन कुणी केला ते शेवटपर्यंत कळले नाही. मीही फार खणले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे शिकाऊ पोरांच्या वर्गात एकदा कुणी विचारले होते. मी सांगितले, वेगळे दिसेल ते सगळेच तपासतात. जे सगळ्यांचे सारखे आहे, तेही एकदा लिहून काढा. आणि समोरचा माणूस ‘कागदावरची सांगू की खरी’ असे विचारेल, तेव्हा त्याला खोटारडा लिहिण्याआधी आपले स्वतःचे सेवापुस्तक उघडा. वहीतली ती लाल रेघ मी खोडली नाही. ‘विसंगत’च्या पुढे निळ्या शाईने लिहिले : ‘खरे बोलली.’

माझ्या निवृत्तीचा दिवस एकतीस मे. आमच्याकडे निम्मे खाते त्याच दिवशी निवृत्त होते. मंचावर आम्ही चौघे शाल-श्रीफळ घेऊन ओळीने बसलो होतो आणि हवालदार त्यांतलाच एक. आई सांगायची, मी कापूस वेचायच्या दिवसांतला, म्हणजे नोकरी आणखी काही महिने शिल्लक असायला हवी होती. तक्रार नाही. कागदाने दिली तेवढी केली.

मागच्या महिन्यात हवालदार घरी आला. त्याला नात झाली होती, त्याच रुग्णालयात, आणि त्या वेळी प्रसूतिकक्षात ड्युटीवर आमचीच ती एक जूनची मुलगी होती. तो सांगत होता, बाळ बाहेर आल्याबरोबर तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले, तारीख आणि मिनिटासकट वेळ मोठ्याने म्हणाली आणि कागदावर लिहून सुनेकडून ती वाचूनही घेतली. सगळ्याच आयांकडून ती वाचून घेते म्हणे.

त्याने खिशातून जन्मदाखला काढून माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने तारखेच्या रकान्यावर बोट नेले.

“बघा नीट, साहेब,” हवालदार म्हणाला. “हिला एकच तारीख आहे.”